बाधते ते नेमके काय? अन्न न सोसण्याच्या तपासण्यांचा आढावा

वांगे खाल्ले की अंगाला खाज सुटते, दूध प्यायले की पोट गुरगुरते, पोळी खाल्ली की गुबारा धरतो. अशा एक-दोन तक्रारी बहुतेक घरांत असतातच, आणि पूर्वी त्यांवर ‘बाधतंय ना, मग खाऊ नकोस’ एवढाच तोडगा असे. आता माणूस तीच तक्रार घेऊन प्रयोगशाळेत जातो. रक्ताच्या काही थेंबांवरून शंभर-दोनशे पदार्थांची हिरवी, पिवळी आणि लाल यादी देणाऱ्या तपासण्या शहरांत सहज मिळतात. काहींचे संच घरपोच येतात. पोटविकारतज्ज्ञ श्वासाची चाचणी सुचवतात, अ‍ॅलर्जीतज्ज्ञ त्वचेची, तर आहारतज्ज्ञ काही आठवड्यांचे पथ्य लिहून देतात. यांतली कोणती तपासणी काय मोजते, कशाबद्दल जाणकारांचे एकमत आहे आणि कुठे अजून वाद चालू आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

तीन निराळे आजार

वादाचा बराचसा गोंधळ सुरुवातीलाच होतो, कारण तीन निराळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. पहिली अ‍ॅलर्जी. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या अन्नघटकाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते आणि तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. क्वचित जिवावर बेतते. दुसरा सीलिअ‍ॅक आजार. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर झिजवते. तिसरी गोष्ट म्हणजे इन्टॉलरन्स, अन्न न सोसणे. इथे प्रतिकारयंत्रणेचा संबंध नसतो किंवा तो सिद्ध झालेला नसतो. एखादे पाचकद्रव्य कमी पडते, एखादी साखर आतड्यात शोषली जात नाही, किंवा पदार्थातले एखादे रसायन त्रास देते. त्रास खराच असतो, पण तो बहुधा मात्रेवर अवलंबून असतो. अर्धा कप चालतो आणि दोन कप चालत नाहीत, हे इन्टॉलरन्समध्ये नेहमीचे आहे. अ‍ॅलर्जीत त्यावर विसंबणे धोक्याचे.

दोन वाटा

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये वापरात आणला. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्यूस्टनर यांना मासे बाधत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली. बाधण्याचे कारण रक्तात असते आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे नेता येते, हे त्यातून दिसले. ते कारण म्हणजे आयजीई, हे कळायला १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेत इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधले.

दुसरी वाट ताटातून गेली. कॅलिफोर्नियातले अल्बर्ट रो यांनी संशयित पदार्थ आहारातून काढून टाकायचे आणि मग एकेक करून परत आणायचे, ही पद्धत रूढ केली. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना सीलिअ‍ॅकच्या मुलांच्या आहारातल्या गव्हाचा संशय होता. त्यांचा त्यावरचा प्रबंध १९५० चा. १९७६ मध्ये चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांना संशयित अन्न कॅप्सूलमध्ये भरून दिले. कोणत्या कॅप्सूलमध्ये काय आहे हे ना मुलाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. आज अन्नाच्या बाबतीत सर्वांत खात्रीची मानली जाणारी ‘दुहेरी अंध’ चाचणी ती हीच.

रक्तातली खूण शोधायची, की पदार्थ खाऊन पाहायचा? पुढचे जवळजवळ सगळे वाद या दोन वाटांमधल्या अंतराचे आहेत.

अ‍ॅलर्जीच्या तपासण्या : खूण आणि आजार

त्वचेवर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचायचे आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजायची. साध्या द्रावापेक्षा ती ३ मिलिमीटरने मोठी असेल तर चाचणी होकारार्थी धरतात. दुसरा मार्ग रक्तातली त्या पदार्थाविरुद्धची आयजीई मोजण्याचा. दोन्ही चाचण्यांना वैद्यकात मान्यता आहे आणि दोन्हींची मर्यादाही सारखीच आहे. उत्तर नकारार्थी आले तर तत्काळ होणारी अ‍ॅलर्जी नाही असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. होकारार्थी आले म्हणून आजार आहे असे म्हणता येत नाही.

शेजारच्या कर्नाटकातली आकडेवारी इथे फार बोलकी आहे. युरोपियन सहकार्याने तिथे झालेल्या प्रौढांच्या पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडली. तक्रारी आणि खूण यांचा मेळ घालून अन्नाची संभाव्य अ‍ॅलर्जी ठरली ती मात्र ०.१४ टक्क्यांत. वांग्याचेही तसेच. म्हैसूर भागातल्या ७४१ जणांच्या पाहणीत ९.२ टक्क्यांनी वांगे बाधते असे सांगितले, पण आयजीईमुळे होणारी अ‍ॅलर्जी ०.८ टक्क्यांत निघाली. बाकीच्यांची खाज खोटी नव्हे. वांग्यात हिस्टामिनसारखी द्रव्ये मुळातच असतात आणि त्यांनी खाज सुटू शकते. प्रतिकारयंत्रणेला त्यासाठी मध्ये पडावे लागत नाही.

म्हणून शंका उरली की रुग्णालयात, तातडीच्या उपचारांची तयारी ठेवून, पदार्थ वाढत्या मात्रेत खाऊ घालून पाहतात. अ‍ॅलर्जीची शंका असलेला पदार्थ घरी ‘जरासा’ चाखून बघणे हा याला पर्याय नाही.

दूध : सर्वांत सुटलेले आणि तरी न सुटलेले कोडे

अन्न न सोसण्याच्या प्रकारांत यंत्रणा पुरती उलगडलेला प्रकार म्हणजे दुधातल्या लॅक्टोज साखरेचा. ही साखर फोडणारे लॅक्टेज हे पाचकद्रव्य तान्हेपणी भरपूर असते आणि जगातल्या बहुसंख्य माणसांत पुढे कमी होत जाते. न फुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू धरतो, पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. त्या वायूतला हायड्रोजन रक्तात उतरतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. श्वासाची चाचणी तोच पकडते.

चाचणीची रीत अशी. आदल्या दिवशी डाळी, कडधान्ये आणि चोथ्याचे पदार्थ टाळायचे. आधीचे काही आठवडे प्रतिजैविके घेतलेली नसावीत. सकाळी उपाशीपोटी २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून प्यायचे आणि तीन तासांपर्यंत ठरावीक अंतराने नळीत श्वास सोडायचा. हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्षांशात २० ने वाढला तर लॅक्टोज पचत नाही असे धरतात. काहींच्या आतड्यातले जिवाणू हायड्रोजन वापरून मिथेन बनवतात. अशांचा अहवाल चुकू नये म्हणून आता दोन्ही वायू मोजण्याची शिफारस आहे. श्वासयंत्र नसेल तिथे जुनी पद्धत चालते : लॅक्टोज पाजून रक्तातली साखर मोजायची. ती डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमनेही वाढली नाही तर साखर फुटलीच नाही, असा अर्थ.

तिसरी तपासणी जनुकाची. २००२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी मोठेपणीही लॅक्टेज चालू ठेवणारा जनुकीय फरक शोधला. तोच फरक भारतातही मुख्यत्वे आढळतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. त्याचे प्रमाण उत्तर-पश्चिमेकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे घटत जाते. त्याआधी १९८१ मध्येच दिल्ली, तिरुवनंतपुरम आणि पुद्दुचेरी इथल्या तुलनेत लॅक्टोज न सोसण्याचे प्रमाण दिल्लीत २७.४ टक्के आणि दक्षिणेकडच्या दोन केंद्रांत ६६.६ टक्के आढळले होते. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात येतो. त्यामुळे इथल्या माणसाबद्दल नुसत्या प्रदेशावरून अंदाज बांधता येत नाही.

इतके सगळे हाती असताना वाद कसला? तो मात्रेचा. २५ ग्रॅम लॅक्टोज म्हणजे जवळपास अर्धा लिटर दूध, तेही उपाशीपोटी, एका दमात. चहाच्या कपात त्याचा दहावा हिस्सासुद्धा असेल-नसेल. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे कपभर दूध, फारसा त्रास न होता चालते, असे आज मानले जाते. दही त्याहून सोपे, कारण त्यातले जिवाणू स्वतःच लॅक्टोज फोडतात. चक्का बांधताना तर बरेचसे लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जाते.

१९९५ मध्ये अमेरिकेत सुआरेझ, सॅव्हायानो आणि लेव्हिट यांनी दूध अजिबात सोसत नाही असे ठामपणे सांगणाऱ्या ३० जणांना एक आठवडा रोज कपभर साधे दूध आणि एक आठवडा लॅक्टोज फोडलेले दूध दिले, कोणते कधी ते न सांगता. दोन्ही आठवड्यांतल्या तक्रारींत नाव घेण्याजोगा फरक निघाला नाही. शिवाय त्या ३० पैकी ९ जणांना लॅक्टोज व्यवस्थित पचत होते.

यावर दोन मते आहेत. एक म्हणते, श्वासाची चाचणी पचन मोजते आणि ती तेवढ्यासाठीच वापरावी; त्रास होतो की नाही हे वेगळे विचारावे. दुसरे मत असे की चाचणी चालू असतानाच तक्रारींची नोंद ठरलेल्या प्रश्नावलीवर घ्यावी आणि वायू व तक्रार दोन्ही जुळले तरच ‘सोसत नाही’ म्हणावे. युरोपीय मार्गदर्शन या दुसऱ्या बाजूला झुकले आहे आणि मलाही ते जास्त पटते. ज्याच्या अहवालात वायू वाढला पण पोटाने तक्रार केली नाही, त्याचे दूध बंद करण्यात काही अर्थ नाही.

गहू आणि ग्लूटेन

सीलिअ‍ॅकपुरते एकमत भक्कम आहे. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या द्रव्याविरुद्धची आयजीए प्रतिपिंडे मोजायची. काहींत आयजीएच मुळात कमी असते, म्हणून एकूण आयजीएही पाहायची. उत्तर होकारार्थी आले तर दुर्बिणीतून लहान आतड्याचा नमुना घ्यायचा. मुलांमध्ये प्रतिपिंडे सामान्य मर्यादेच्या दहापटीहून जास्त असतील तर नमुन्याशिवायही निदान करण्याची मुभा युरोपीय बालरोगतज्ज्ञांनी दिली आहे.

भारतातल्या मोठ्या पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, ही प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के तर दक्षिणेत ०.१० टक्के प्रौढांत सापडली. आजाराला पूरक जनुके दोन्हीकडे जवळपास सारखी, पण गव्हाच्या खाण्यात प्रचंड तफावत होती. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या पिढीनंतरची पिढी पोळी, पाव आणि बिस्किटांवर आली आहे. त्यामुळे हा आकडा आपल्याकडे पुढे कसा सरकतो हे पाहायला हवे. निदान पक्के झालेल्यांसाठी एक सूचना : डबीतल्या बऱ्याच हिंगात मैदा किंवा कणीक मिसळलेली असते.

खरा वाद आहे तो सीलिअ‍ॅक नसूनही गहू बाधतो असे सांगणाऱ्यांबद्दल. त्यांच्यासाठी रक्ताची कोणतीही मान्य तपासणी नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये ग्लूटेनने तक्रारी वाढतात असे दाखवले. त्याच गटाने २०१३ मध्ये, आहारातल्या इतर आंबणाऱ्या साखरा आधी कमी करून, पुन्हा पाहिले तेव्हा ग्लूटेनचा वेगळा परिणाम दिसेना. पहिला निष्कर्ष आपणच तपासून मागे घेण्याचा हा प्रामाणिकपणा या क्षेत्रात विरळा आहे. २०१८ च्या नॉर्वेतल्या प्रयोगात त्रास ग्लूटेनने नव्हे तर फ्रुक्टान या साखरेने दिला. ती गव्हात असते आणि कांद्या-लसणातही. २०२४ मध्ये आणखी एक पदर उलगडला : ‘आज पावात ग्लूटेन आहे’ असे सांगितल्यानेही तक्रारी वाढतात, आणि प्रत्यक्ष ग्लूटेन व ती अपेक्षा एकत्र आली की सर्वांत जास्त वाढतात. तरीही या लोकांतल्या थोड्यांना गव्हातलेच काहीतरी बाधते, ही शक्यता कोणी पूर्ण सोडलेली नाही.

काढणे आणि परत आणणे

रो यांची जुनी पद्धत आज फॉडमॅप आहार या नावाने परतली आहे. मोनॅशच्याच संशोधकांनी २००५ पासून मांडलेल्या या पद्धतीत आंबणाऱ्या साखरांचे पदार्थ, म्हणजे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, काही फळे, दोन ते सहा आठवडे कमी करायचे. मग एकेक गट ठरावीक मात्रेत परत आणून त्रास नोंदवायचा, आणि जो बाधेल तेवढाच, बाधेल त्या मात्रेपुरता टाळायचा. चंचल आतड्याच्या रुग्णांत, म्हणजे आयबीएसमध्ये, हिच्या उपयोगाचा पुरावा चांगला आहे.

दुखणे असे की माणसे पहिल्या टप्प्यावरच थांबतात. बरे वाटले, मग परत कशाला आणायचे? पण दुसरा टप्पा हीच तर तपासणी. पहिला केवळ तिची तयारी आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांतून ‘या दिवसांत पोट हलकं राहतं’ असे ऐकू येते. फ्रुक्टान घटल्याने खरेच बरे वाटत असेल. पण त्याच काळात मांसाहार बंद असतो, बाहेरचे खाणे कमी होते, उपवास वाढतात. कशामुळे बरे वाटले हे त्यातून कळायचे तर कार्तिकानंतर एका वेळी एकच गोष्ट ताटात परत यायला हवी, आणि तसे कोणी करत नाही. लांबलेल्या पथ्याचे तोटेही आहेत : कॅल्शियम आणि चोथा कमी पडतो, आतड्यातल्या जिवाणूंची घडण बदलते, मुलांची वाढ खुंटू शकते.

आयजीजीचा वाद

बाजारात सर्वाधिक विकली जाणारी लाल-हिरवी यादी बहुधा आयजीजी किंवा आयजीजी-४ प्रतिपिंडांवर बेतलेली असते. विरोधी बाजू स्पष्ट आहे. युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये, अमेरिकेच्या संघटनेने २०१० मध्ये आणि कॅनडाच्या संघटनेने २०१२ मध्ये अन्न न सोसण्याच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये असे सांगितले. निरोगी माणसाच्या रक्तातही तो नेहमी खातो त्या पदार्थांविरुद्ध आयजीजी असते, हा त्यांचा आधार. अ‍ॅलर्जीवर हळूहळू मात्रा वाढवण्याचे उपचार यशस्वी होतात तेव्हा तर आयजीजी-४ वाढते. पाहुण्यांच्या वहीत नाव सापडले म्हणून तो पाहुणा चोर ठरत नाही. रोज वरणभात खाणाऱ्याच्या यादीत तांदूळ लाल निघाला तर त्यात नवल काहीच नाही.

समर्थकांच्या हाती २००४ चा ब्रिटनमधला प्रयोग आहे. आयबीएसच्या १५० रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांच्या आयजीजी यादीप्रमाणे आणि निम्म्यांना खोट्या यादीप्रमाणे बारा आठवडे पथ्य दिले. खऱ्या यादीच्या गटात तक्रारींतली घट १० टक्क्यांनी जास्त होती. आक्षेप असा आला की खऱ्या यादीत बऱ्याच जणांचे दूध, अंडी आणि गहू सुटले. दूध आणि गहू कमी झाले तर आयबीएसच्या कोणत्याही रुग्णाला बरे वाटेल, त्याला आयजीजी कशाला हवी?

वाद तिथेच मिटला असता, पण २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अनेक केंद्रांवरचा नवा प्रयोग प्रसिद्ध झाला. यात आयबीएससाठी खास निवडलेल्या १८ पदार्थांचीच आयजीजी मोजली आणि तुलनेसाठी पुन्हा खोटे पथ्य ठेवले. आठ आठवड्यांत पोटदुखीत ठरलेली सुधारणा खऱ्या पथ्यावरच्या सुमारे ६० टक्के आणि खोट्या पथ्यावरच्या सुमारे ४२ टक्के रुग्णांत दिसली. हा फरक झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र तो आयबीएसचे निदान झालेल्यांपुरता आणि त्या १८ पदार्थांच्या चाचणीपुरता आहे. दुसऱ्या गटाने तो पुन्हा करून पाहायचा आहे. केस गळणे, थकवा, वजन वाढणे अशा तक्रारींसाठी दोनशे पदार्थांची यादी विकणाऱ्यांना त्याचा आधार घेता येत नाही. शिवाय खोट्या पथ्यावरही दहांतल्या चारांना बरे वाटले, हे ‘मला तर त्या यादीने फरक पडला’ असे सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

ज्यांवर वाद उरलेला नाही

केसांची तपासणी, त्वचेची विद्युतरोधकता मोजणारी यंत्रे, हातात पदार्थ धरून स्नायूंची ताकद पाहणे, खाल्ल्यानंतर नाडी मोजणे, पांढऱ्या पेशींचा आकार पाहणे, यांना कोणत्याही जबाबदार संघटनेचा पाठिंबा नाही. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पडताळणीत माशांची सिद्ध अ‍ॅलर्जी असलेल्यांचे नमुने व्यापारी प्रयोगशाळांना पाठवले होते, त्यांना ती ओळखता आली नाही आणि एकाच माणसाच्या दोन नमुन्यांची उत्तरेही जुळली नाहीत. विद्युतयंत्रांचा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला २००१ चा निकालही असाच होता.

अजून उघडे प्रश्न

हिस्टामिन न सोसणे हा त्यांतला एक. शिळ्या बांगड्याने तोंड लाल होणे, डोके ठणकणे हे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर अपरिचित नाही. पण ती माशात साठलेल्या हिस्टामिनची विषबाधा झाली. ती कोणालाही होईल आणि तिला अ‍ॅलर्जी समजून आयुष्यभर मासे सोडण्याचे कारण नाही. ताज्या अन्नातले थोडे हिस्टामिनही काहींना सोसत नाही, हा दावा वेगळा. त्यासाठी हिस्टामिन फोडणारे डीएओ हे द्रव्य रक्तात मोजतात, पण त्या आकड्याचा तक्रारींशी भरवशाचा संबंध दिसलेला नाही.

सर्वांत लक्ष वेधणारा प्रश्न आतड्यातल्या स्थानिक प्रतिक्रियेचा आहे. २०१४ मध्ये जर्मनीत आयबीएसच्या ३६ रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरावर दुर्बिणीतून थेट अन्नाचे द्रावण सोडले. त्यांपैकी २२ जणांत पाच मिनिटांत अस्तर बदलताना दिसले. २०२१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या गटाने आयबीएसच्या १२ रुग्णांच्या आतड्याच्या भिंतीत अन्नघटक टोचले. बाराही जणांत प्रतिक्रिया उठली, तर ८ निरोगी माणसांपैकी दोघांतच. म्हणजे रक्त आणि त्वचा स्वच्छ असूनही अ‍ॅलर्जीसारखे काहीतरी फक्त आतड्यात घडत असावे. तसे ठरले तर अ‍ॅलर्जी आणि इन्टॉलरन्स यांमधली आज ओढलेली रेघ पुन्हा आखावी लागेल. रुग्ण मोजके आहेत आणि तपासणी दुर्बिणीची आहे. ती रोजच्या वापरात येणे अजून दूर आहे.

तूर्त वाचकाने एवढे करावे. गहू बंद करून पाहण्याचा विचार असेल तर आधी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्यावी. ती गहू खाण्यात असतानाच खरे उत्तर देते. गहू सोडल्यावर प्रतिपिंडे उतरतात, आतडे भरून येते आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. मग निदानासाठी कित्येक आठवडे पुन्हा रोज गहू खावा लागतो, आणि एकदा बरे वाटू लागलेला माणूस त्याला सहसा तयार होत नाही.